हायलक्सवरचा रूफटॉप टेंट: बोत्स्वानात एक हिवाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

आम्ही जोहान्सबर्गला राहतो, नवऱ्याची नोकरी इथे आहे. डबल कॅब हायलक्स (टोयोटाचा पिकअप), वर रूफटॉप टेंट, म्हणजे टपावर उघडणारा तंबू, मागे कॅनपी, म्हणजे हौद्यावरचं बंद झाकण, त्यात फ्रीज आणि दुसरी बॅटरी असा सगळा सेटअप करून घेतला आणि त्यावर बोत्स्वानातली कगालागाडी, सेंट्रल कालाहारी आणि मोरेमी-सावुती ही जंगलं, असं तिन्हीकडे झालं. आता लिहितेय कारण दुकानात टेंट उघडून बघताना जे मत होतं आणि आत्ता जे आहे त्यात बराच फरक पडलाय. थोडक्यात सांगते, रूट आधी ठरवा, टेंट नंतर घ्या. रोज मुक्काम हलणार असेल तर रूफटॉप टेंटला तोड नाही, पण एकाच कॅम्पवर तीन-तीन रात्री काढायच्या असतील तर हाच टेंट तुम्हाला जागेला खिळवून ठेवतो.

आधी चांगलं. पोचलं की कव्हरची चेन काढायची, शिडी ओढायची, टेंट उघडतो, आत गादी आणि पांघरुणं अंथरलेलीच असतात. दिवसभर वाळूत गाडी हाणून अंधार पडायच्या तासभर आधी पोचल्यावर याची किंमत कळते, कारण पार्कमध्ये अंधारात गाडी चालवायला बंदी आहे आणि उजेड आहे तोवर सरपण, स्वयंपाक, लेकीची अंघोळ सगळं उरकायचं असतं. आणि रात्र. माबुआसेहुबेला (कगालागाडीचा बोत्स्वानाकडचा भाग) कॅम्पला कुंपण नाही, म्हणजे अजिबातच नाही. म्पायाथुट्लवा पॅनवर (पॅन म्हणजे कोरडं, सपाट, उथळ तळं) आम्ही होतो तेव्हा मध्यरात्री दोन सिंहिणी आल्या आणि नळाखाली साचलेलं पाणी पीत बसल्या, जिभेचा लपलप आवाज वर इतका स्वच्छ येत होता की आम्ही तिघं श्वास रोखून जाळीतून बघत होतो. चंद्र होता म्हणून एकीच्या कानाला पडलेली खाचसुद्धा दिसली. शिडीच्या खालच्या पायरीला नाक लावून हुंगलं आणि गेल्या. तो उंचीचा आधार मला तरी हवाच होता. अर्थात जमिनीवरचा तंबू चारी बाजूंनी पूर्ण बंद ठेवून लोक त्याच कॅम्पवर वर्षानुवर्षं झोपत आलेत, तेव्हा साधा तंबू म्हणजे धोकाच असं समजू नका.

पण रात्री बाथरूमला तंबूबाहेर पडायचं नाही हे दोन्हीकडे सारखंच. आम्ही वर झाकणाची एक छोटी बादली ठेवतो. सांगायला कसंतरी वाटतं पण लहान मूल असेल तर हीच वस्तू यादीत सगळ्यात आधी लिहा.

आता अडचण. वाघ-सिंह-बिबटे (वाघ इकडे नाहीत, तोंडात बसलंय म्हणून आलं) बघायचे तर सूर्य उगवल्यानंतरचा पहिला तास सोन्याचा. आणि नेमक्या त्या तासाला तुम्ही गादी दाबत, कॅनव्हास आत खोचत, पट्टे आवळत उभे असता, कारण टेंट मिटल्याशिवाय गाडी हलत नाही. दोघांनी मिळून केलं तरी पंधरा-वीस मिनिटं जातात, थंडीत बोटं आखडलेली असतात तेव्हा जास्तच. सावुतीला आम्ही सलग राहिलो तेव्हा रोज सकाळी हेच. शेजारच्या कॅम्पवरची मंडळी साधा तंबू तसाच ठेवून चहाचा कप हातात घेऊन निघून जायची. शिवाय तुमची गाडी गेली की कॅम्प रिकामा दिसतो, म्हणून खुर्ची-टेबल मांडून ठेवायचं, तर ते बबून माकडं उलथंपालथं करून ठेवतात. मोरेमीत थर्ड ब्रिज कॅम्पला तर खाण्याची एक वस्तू बाहेर ठेवायची सोय नाही, आणि रात्री तरस बूटसुद्धा पळवतात. म्हणून आता आमचा नियम असा झालाय की दोन रात्रींपेक्षा जास्त मुक्काम असेल तिथे एक साधा कॅनव्हासचा तंबू सोबत न्यायचा आणि वरचा उघडायचाच नाही.

थंडीचं सांगते. जून-जुलैत कालाहारीत रात्री पारा शून्याखाली जातो आणि वर टेंटला खालूनही वारा लागतो. गादीखाली जाड ब्लँकेट टाका, त्याने वरच्या पांघरुणापेक्षा जास्त फरक पडतो. पावसात कॅनव्हास गळला नाही, पण ओला मिटून घरी आणला तर दोन दिवसांत बुरशी, म्हणून आल्या आल्या उघडून वाळवायचाच. चेनमध्ये बारीक धूळ बसते, जुना टूथब्रश ठेवा.

टेंटबद्दल इतकं लिहिलं तरी ज्या गोष्टीने पैसे खरे वसूल केले ती म्हणजे हवेचा काँप्रेसर आणि चांगला गेज. वाळूत गाडी चालते ती टायरमधल्या हवेवर. हवा कमी केली की टायर जमिनीवर लांबट पसरतो, वजन जास्त जागेवर विभागतं आणि गाडी वाळू खणत न बसता वरून जाते. आम्ही भरलेल्या गाडीला डांबरीवर मागच्या चाकांत अडीच बारच्या आसपास ठेवतो, ग्रॅव्हलवर २ ते १.८, खोल वाळूत १.४ (म्हणजे २० पीएसआय), आणि तरी इंजिन रडायला लागलं तर १.२. सकाळची गार वाळू घट्ट असते, दुपारी तीच भुसभुशीत होते, त्यामुळे मोरेमी-सावुतीसारखा वाळूचा टप्पा सकाळीच उरकावा. डांबरी लागली की लगेच हवा भरायची, कमी हवेवर वेगात गेलं की टायर तापून फाटतो.

फ्रीज चांगलाय पण तो ज्या साध्या बारा व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावून देतात ते कामाचं नाही. ग्रॅव्हल रोडवर पन्हळी पत्र्यासारखे आडवे पट्टे असतात, त्या खडखडाटात प्लग हळूहळू निसटतो आणि संध्याकाळी दूध नासलेलं सापडतं. आम्ही अँडरसन प्लग (घट्ट बसणारा, जाड जोडणीचा प्लग) लावून घेतला, तेव्हापासून तक्रार नाही. आणि इथेही पुन्हा मुक्कामाचाच मुद्दा येतो बघा, रोज गाडी चालत असेल तर बॅटरी चार्ज होत राहते, पण एका जागी बसलात तर १०० आम्प-अवरची साधी बॅटरी उन्हाळ्यात दीड दिवसात मान टाकते, मग सोलर पॅनल लागतंच.

सेंट्रल कालाहारीबद्दल थोडं जास्त लिहिते कारण तिथे लोक तयारीशिवाय जातात. ५२,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या चौदापट जागा, आणि आत पेट्रोल-डिझेल नाही, दुकान नाही, पिण्याचं पाणी नाही, मोबाइलला रेंज नाही. पावसाळ्यात, जानेवारी ते एप्रिल, डिसेप्शन व्हॅली हिरवीगार होते, हरणांचे कळप उतरतात, मागोमाग सिंह-चित्ते, म्हणून तोच काळ उत्तम. पण तेव्हाच दोन चाकोऱ्यांच्या मधलं गवत कमरेएवढं वाढलेलं असतं. त्याचं बी रेडिएटरमध्ये भरतं आणि गाडी तापते, आणि वाळलेलं गवत खाली सायलेन्सरजवळ, स्किड प्लेटच्या (गाडीखालच्या संरक्षक पत्र्याच्या) वर गच्च दाबलं जाऊन पेट घेतं. असं होऊन गाड्या पूर्ण जळाल्यात. समोर बारीक जाळी लावा आणि तासाभराने थांबून गाडीखाली झोपून तारेच्या आकड्याने गवत ओढून काढा. मी मूठ-मूठ काढलंय, हाताला गरम लागतं.

उलट मोरेमी ज्यात येतं त्या ओकावांगो नदीच्या दलदलीच्या त्रिभुज प्रदेशाचं गणित वेगळंच. तिकडचं पाणी अंगोलाच्या डोंगरातल्या पावसाचं, ते सपाट प्रदेशातून सरकत सरकत माउन गावाला जून-जुलैत पोचतं, म्हणजे ऐन कोरड्या दिवसांत पूर. त्यामुळे हिवाळा आहे म्हणून ख्वाईकडचे ट्रॅक कोरडे असतील असं धरून चालू नका, कॅम्पवर विचारूनच गाडी पाण्यात घाला. माउन ते उत्तरेचं कसाने गाव, सावुतीमार्गे जाताना मध्ये डिझेल मिळेल असं धरू नका, वाळूत गाडी नेहमीपेक्षा बरंच जास्त पिते, तेव्हा ८० लिटरच्या टाकीसोबत दोन जेरीकॅन हवेतच. सावुतीचं बाथरूम मात्र बघण्यासारखं आहे, हत्ती पाण्यासाठी पाइप उखडतात म्हणून भोवती किल्ल्यासारखी जाड भिंत बांधलीय.

बोत्स्वानातले कॅम्प काही सरकारी वन्यजीव खात्याकडे, तर काही वेगवेगळ्या कंपन्यांकडे आहेत, बुकिंग एका ठिकाणी होत नाही. मधला एक कॅम्प मिळाला नाही की अख्खा रूट हलतो. ट्रॅक्स४आफ्रिकाचा नकाशा किलोमीटरसोबत लागणारा वेळही दाखवतो, प्लॅन त्या वेळेवर करा.

खाण्याचं आपलं सोपं पडतं. लाळ-खुरकूतसाठी देशभर कुंपणं आहेत, चेकपोस्टवर कच्चं मटण-बीफ काढून घेतात, बूट सोड्याच्या पाण्यात बुडवायला लावतात. आम्ही भाजणी, मेतकूट, मूगडाळ, कांदे-बटाटे आणि छोटा कुकर नेतो, कोणी काही काढून घेत नाही. संत्री-मोसंबी मात्र हत्तींच्या भागात नेऊ नका, वासावर ते गाडीपर्यंत येतात.

भारतातून येणाऱ्यांनी विकत घ्यायचा विचारही करू नका, जोहान्सबर्ग, विंडहूक, माउन तिन्हीकडे टेंटसकट गाड्या भाड्याने मिळतात. ताबा घेताना त्यांच्या अंगणातच टेंट स्वतः उघडून-मिटून बघा, फोर लो (चारही चाकांना जोर देणारा सगळ्यात हळू गिअर) लावून दोन मीटर पुढे-मागे घ्या, जॅक खरंच बाहेर काढा आणि वाळूत तो खाली रुतू नये म्हणून लाकडी फळी मागून घ्या. करार वाचा, पाण्यात घातल्याने किंवा गाडीखाली आदळून झालेलं नुकसान बऱ्याच ठिकाणी विम्यात नसतं. सीमा ओलांडणार असाल तर मालकाचं परवानगीपत्र आणि गाडीच्या कागदांच्या प्रती मागा, आणि स्पेअर टायर एक देत असतील तर दुसऱ्यासाठी अडून बसा, सेंट्रल कालाहारीला जाणार असाल तर नक्कीच.