विंचू शोधायची जांभळी बॅटरी : दोन पावसाळे वापरून झाल्यावर

आमची वस्ती उत्तर सोलापुरात, नान्नजच्या बाजूला. मागं कडब्याची गंजी, गवऱ्यांचा उडवा, दगडाची पौळ. विंचवाला लपायला जागाच जागा. दोन वर्षांपूर्वी मृगात गवऱ्या काढताना सासूबाईंच्या हाताला लाल विंचू चावला. बघता बघता अंग घामानं भिजलं, उलट्या सुरू झाल्या, हातपाय गार पडले. दवाखान्यात प्राझोसिनच्या गोळ्या दिल्या, तिसऱ्या दिवशी घरी आणलं. या औषधाचा उपयोग महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिला. त्यांचे उपकार आमचं घर विसरणार नाही.

त्यानंतर ही बॅटरी घेतली. आधी एक ऑनलाइन मागवली होती, ती आठवड्यात बंद पडली. मग नवी पेठेतल्या दुकानातून ६५० रुपयांना ३९५ नॅनोमीटरची, म्हणजे अतिनील (यूव्ही) उजेडाची आणली. दुकानातच पाचशेच्या नोटेवर मारून बघितली. नोटेतले बारीक धागे आणि नंबर चमकले, तेव्हाच पैसे दिले. तुम्हीही असंच करा.

पहिल्याच रात्री पौळीवर सात दिसले! साध्या उजेडात दगडाच्या रंगात मिसळलेला विंचू या उजेडात हिरवट-निळा पेटतो. ही चमक त्याच्या कातडीतल्या द्रव्यांची. नुकती कात टाकलेला मात्र चमकत नाही, नवी कातडी कडक व्हावी लागते. म्हणून दिसला नाही म्हणजे नाहीच, असं धरू नका. दगडाखालचा तर दिसणारच नाही. चपला झटकूनच घालायच्या आणि गवरी काठीनं हलवूनच उचलायची.

उजेड चार-पाच पावलांपर्यंतच पुरतो, ही मोठी उणीव. पावडरनं धुतलेली बनियनं दोरीवर असली की तीही लखलखतात, नजर तिकडेच जाते. पोरांच्या हातात देऊ नका, डोळ्यांवर मारली तर इजा होते.

माझा भाचा रियाधजवळ बांधकामावर आहे. सुट्टीला आला तेव्हा अशीच एक घेऊन गेला. तिथं ॲन्ड्रोक्टोनस प्रजातीचा काळा विंचू असतो, शेपटी चांगली जाडजूड. या नावाचा ग्रीकमधला अर्थच माणूस मारणारा. आपला लाल विंचू त्याच्याच कुळातला, ब्युथिडी. दोघांचेही पुढचे चिमटे बारीक. आपल्याकडचा मोठा काळा, जाड चिमट्यांचा विंचू दिसायला भयंकर, पण लाल विंचवाइतका घातक नाही. सासूबाईंना हे पटवायला मला महिना लागला.

सापडलेले विंचू आमचे हे लांब चिमट्यानं डब्यात घालतात आणि लांब माळावर सोडून येतात.

पाचपैकी चार तारे. बॅटरी चुलीजवळच्या खिळ्याला असते, चार्जिंगला सासूबाई स्वतः लावतात. दिवस मावळला की ती हातात असल्याशिवाय त्या उडव्याकडे जात नाहीत.