डरबनची सहल: मॉल तीन तास, आश्रम खिडकीतून

मे महिन्यात आमच्या भागातल्याच एका टूरवाल्यांबरोबर दक्षिण आफ्रिका करून आलो. त्यांचं नाव लिहीत नाही. वाचून त्यांचं त्यांना कळलं तरी पुरे. बावीस माणसं, बहुतेक सांगली-मिरजेची, आम्ही दोघं आष्ट्याजवळचे. सिंह आणि केप टाऊनबद्दल तुम्हाला वाचायला ढीगभर मिळेल. मी फक्त डरबनबद्दल लिहितो, कारण टूरवाल्यांच्या लेखी ते रात्र काढायचं ठिकाण आहे, आणि ऊसवाल्या माणसानं तिकडं एकच शहर बघायचं तर मी हेच सांगेन.

विमानतळातून बाहेर पडलो की रस्त्याकडेला ऊसच. मागच्या सीटवरून कुणीतरी ओरडलं, "आलो की परत वाळव्यात!" पण नीट बघितलं तर सगळं वेगळं. चढ-उताराची जमीन, पाट नाही, ठिबक नाही, किनाऱ्याकडचा बराचसा ऊस नुसत्या पावसावर. आपला हंगाम उरकला की त्यांचा एप्रिलात सुरू होतो, तो डिसेंबरपर्यंत. आणि फड पेटवून मग तोडणी. आपल्याकडं जळीत ऊस म्हटला की कारखाना कपात लावतो, तिथं तीच रीत! संध्याकाळी हवेत तो जळक्या पाचटाचा वास आला आणि बायको म्हणाली, "अहो, एवढे लाख घालून हेच हुंगायला आलो का?"

आता टूरबद्दल. हॉटेल समुद्रासमोर, स्वच्छ, तक्रार नाही. नाश्त्याला पोहेसुद्धा होते. उशाका नावाचं मोठं मत्स्यालय आहे, जुन्या जहाजाच्या आकारात बांधलेलं. ते पूर्ण वेळ देऊन दाखवलं, पोरं खूश. 2010 च्या फुटबॉल वर्ल्ड कपसाठी बांधलेल्या मोझेस मभिडा स्टेडियमची 106 मीटर उंच कमान बाहेरून बघितली, फोटो झाले. किंग्समीडवर मात्र बस थांबली नाही. 2007 साली युवराजनं ब्रॉडला सहा चेंडूंत सहा षटकार मारले ते हे मैदान. दोन मिनिटं थांबा म्हणून अर्धी बस ओरडत होती. मॅनेजर पोरगा म्हणाला, पार्किंग नाही.

आणि मग मॉल. तीन तास! कार्यक्रमपत्रिकेत ठळक छापलं होतं "गांधी आश्रम दर्शन", आणि झालं काय, तर त्या बाजूच्या रस्त्यानं जाताना खिडकीतून हात करून "तिकडं आत आहे". मी तिथंच भांडलो. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना मोकळा वेळ होता, तेव्हा हॉटेलमधून गाडी ठरवून आम्ही दोघं आणि मिरजेचं एक जोडपं स्वतः गेलो. ट्रिपमधले वसूल झालेले पैसे ते तेवढेच.

ड्रायव्हर साठीचा, तमिळ घराण्यातला, पण बोलणं सगळं इंग्रजीत. बायकोनं सवयीनं "अण्णा" म्हणून हाक मारली तर तो खळखळून हसला. म्हणाला, आमच्या आजीच्या तोंडचा शब्द. त्याचे पणजोबा गिरमिटावर आलेले. आपल्या सीमाभागात गिरमिट म्हणजे चुरमुऱ्याची डिश, इथं त्याचा अर्थ ॲग्रीमेंट. 1860 च्या नोव्हेंबरात मद्रासहून पहिलं जहाज लागलं, ट्रुरो नावाचं, आणि 1911 पर्यंत दीड लाखावर माणसं नाताळच्या, म्हणजे डरबनकडच्या या भागातल्या, मळ्यांत आली. पाच वर्षांचा करार, पहिल्या वर्षी महिना दहा शिलिंग, वर राबवून घ्यायला सरदार. मी त्याला आपल्याकडची ऊसतोडीची उचल म्हणजे आगाऊ रक्कम, टोळी, मुकादम हे सगळं समजावून सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "अजून?" मला उत्तर देता आलं नाही. आमच्या फडात दर वर्षी बीडची टोळी असते.

आश्रम फिनिक्सला आहे, शहराच्या उत्तरेला इनांडा भागात. 1904 साली गांधीजींनी शंभर एकर हजार पौंडांना घेतली. आंब्या-संत्र्यांची थोडी झाडं, एक झरा आणि साप भरपूर, अशी जमीन. आता चौफेर पत्र्याची दाट वस्ती. मूळ घर 1985 च्या दंगलीत जळालं, पुन्हा बांधून 2000 साली उघडलं. त्यामुळं जुन्या वस्तू बघायच्या म्हणून गेलात तर निराश व्हाल, पण गांधीजींच्या छापखान्याच्या इमारतीपाशी उभं राहून बरं वाटतं. 1912 मध्ये आपले गोपाळ कृष्ण गोखले इथं येऊन गेले, हे मिरजेच्या वहिनींनी सांगितलं. त्या निवृत्त शिक्षिका. जवळच ओहलांगे शाळा आहे. 1994 ला मंडेलांनी आयुष्यातलं पहिलं मत तिथं टाकलं. एवढ्या अंतरात एवढं सगळं, आणि आमची बस मॉलमध्ये!

परतताना माउंट एजकोंबवरून आलो. आमच्या कारखान्याच्या शेती अधिकाऱ्यानं निघताना सांगितलं होतं, तिथलं ऊस संशोधन केंद्र 1925 पासूनचं आहे, आणि एनसीओ 310 ही जगभर गेलेली जात कोइमतूरच्या बियापासून तिथंच निवडलेली. एन म्हणजे नाताळ, सीओ म्हणजे कोइमतूर. माणसं मद्रासहून गेली, नंतर उसाचं बीही तिकडूनच गेलं. आत जायची परवानगी काढलेली नव्हती, फाटकाबाहेरूनच बघितलं.

दुपारी बनी चाऊ. सशाशी संबंध नाही; बनिया या शब्दावरून नाव पडलं म्हणतात. न कापलेला पाव पोखरून त्यात रस्सा भरतात, काढलेला मऊ तुकडा वर झाकण, आणि हातानंच खायचं. मी क्वार्टर, म्हणजे चतकोर पावातलं, मटण घेतलं, बायको माळकरी म्हणून बीन्सचं. कोल्हापुरी कटाच्या सवयीला तिखट कमी, पण खालचा रस्सा प्यालेला पाव म्हणजे काय सांगू! ताट मागू नका, हसतात.

शेवटी व्हिक्टोरिया स्ट्रीट मार्केट. मसाल्यांचे लालभडक डोंगर. हळद नाकाला लावून बघितली. आपल्या राजापुरीपुढं फिकी वाटली, पण मी सांगलीचा, माझं काय धरता. एका तिखटाच्या ढिगावर पाटी होती, "मदर-इन-लॉ एक्स्टर्मिनेटर". म्हणजे सासूचा निकाल लावणारं. वहिनींनी दोन पुड्या बांधून घेतल्या. आमच्या हिनं हात मागं घेतला. "नको बाई, मागच्या वर्षीच सून आणलीय."

टूरवाल्यांना पाचपैकी दोन, त्यातला एक पोह्यांचा. गाडीवाल्या अण्णाला पाच. मॅनेजरनं शेवटी अभिप्रायाचा कागद दिला, त्यावर लिहून आलोय: मॉल काढा, डरबनला एक दिवस वाढवा, आणि आश्रमाला बस आत घाला.