कारागृहात विणलेली सतरंजी : सहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर एका मध्यवर्ती कारागृहाच्या विक्री केंद्रातून मी एक सतरंजी आणि दोन टॉवेल विकत घेतले. सोलापूरच्या माणसाने बाहेरगावाहून सतरंजी आणि टॉवेल आणावेत, याचे घरच्यांना नवल वाटले, आणि ते साहजिकच होते. आमच्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे आणि आमचे टॉवेल देशाबाहेर जातात. तरीही ही खरेदी मी जाणूनबुजून केली, आणि सहा महिने रोज वापरल्यानंतर तिच्याविषयी सविस्तर लिहावे असे वाटले. माझा जन्म सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकर कुटुंबातला. वडील हातमागावर बसत, आई विड्या वळायची, आणि मी स्वतः तीस वर्षे एका टॉवेल कारखान्यात तयार माल तपासण्याचे काम केले. त्यामुळे कापड हाताखालून गेले की त्यातला दोष आधी बोटांना कळतो आणि डोळ्यांना मागाहून दिसतो.

आधी विणीविषयी. सतरंजी हातमागावरची आहे हे काठावरून लगेच ओळखू येते. वाणा, म्हणजे आडवे सूत, इतका ठासून बसवलेला आहे की कापड उजेडासमोर धरले तरी आरपार काही दिसत नाही. दोन्ही कडा सरळ आहेत, आणि कडा सरळ राखणे हे मागावर नव्याने बसलेल्या माणसाला पहिले वर्षभर तरी जमत नाही. धोटा, म्हणजे आडवे सूत ओवणारे साधन, फेकताना ओढ थोडी कमीजास्त झाली की कड आत-बाहेर होते. टोकाचा एक धागा काढून मी तो जाळून पाहिला. कागद जळल्यासारखा वास आला, गोळा झाला नाही, राख बोटांत मऊ लागली. म्हणजे सूत निव्वळ कापसाचे आहे. आजकाल बाजारात सतरंजी म्हणून जे विकले जाते, त्यात बऱ्याचदा चिंध्यांपासून काढलेले मिश्र सूत असते, ते दोन पावसाळ्यांत कुबट होते आणि विरते. ही तशी नाही. दोन्ही टोकांच्या दशांना हाताने गाठी मारलेल्या आहेत आणि सहा महिन्यांत त्यातली एकही सुटलेली नाही.

दोषही सांगते. चिठ्ठीवर लांबी सहा फूट लिहिली होती, ती दोन बोटे कमी भरली. मधल्या तांबड्या पट्ट्याचा रंग पहिल्याच धुण्यात उतरला आणि शेजारच्या पांढऱ्या पट्ट्यावर गुलाबी झाक बसली, ती अजून आहे. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येते, त्यामुळे धुणे बोअरच्या जड पाण्यात होते, आणि अशा पाण्यात कच्चा रंग टिकत नाही हे मान्य केले तरी रंग पक्का करण्याच्या कामात घाई झाली आहे एवढे नक्की. एका ठिकाणी सुताची कांडी संपल्यावर नवी कांडी जिथे लावली, तिथे हात फिरवला की बारीक उंचवटा लागतो. हा दोष मात्र मी दोष धरत नाही. तपासणीच्या टेबलावर असते, तर हा नग मी रंगासाठी बाजूला काढला असता आणि विणीसाठी शाबासकी देऊन पुढे पाठवला असता.

टॉवेलांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. टाके मोकळे आहेत, सुरुवातीला तंतू सुटतात, तिसऱ्या धुण्यानंतर पाणी नीट शोषतात. त्याच किमतीत सोलापुरात याहून चांगला टॉवेल मिळतो.

सतरंजीची किंमत तशाच मापाच्या यंत्रमागावरच्या सतरंजीपेक्षा शंभर-सव्वाशे रुपयांनी जास्त पडली. हातमागाचे काम आणि निव्वळ सूत पाहता मला ती रास्त वाटते. माझा आक्षेप किमतीवर नाही, चिठ्ठीवर आहे. चिठ्ठीवर वस्तूचे नाव, माप आणि रक्कम एवढेच छापलेले होते. मी विक्री खिडकीवरच्या कर्मचाऱ्यांना विचारले की यातले किती रुपये विणणाऱ्याच्या खात्यात जातात. त्यांनी अतिशय सौजन्याने सांगितले की त्यांना ते ठाऊक नाही, मजुरीचा हिशेब वेगळ्या ठिकाणी होतो.

हा प्रश्न मी उगाच विचारलेला नव्हता. सक्तमजुरीची शिक्षा झालेल्या कैद्याकडून काम करून घेतले तर त्याला न्याय्य मजुरी दिली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या एका प्रकरणात १९९८ मध्येच सांगितले आहे. त्याच निकालात, कैद्याच्या अन्न-वस्त्राचा खर्च मजुरीतून वजा करता येईल आणि मजुरीचा काही भाग गुन्ह्याची झळ सोसलेल्यांच्या भरपाईसाठी राखून ठेवावा, असेही म्हटले आहे. हे दुसरे तत्त्व मला फार मोलाचे वाटते, कारण कैद्याच्या हक्कांविषयी बोलले की पहिला प्रश्न येतो तो ज्यांचे नुकसान झाले त्यांचे काय, हाच. प्रत्यक्षात मात्र महाराष्ट्रात कुशल कैद्याची रोजची मजुरीही वर्षानुवर्षे शंभर रुपयांच्या आत राहिली आहे. माझ्या सतरंजीसारखी विण काढणाऱ्या माणसाला बाहेर कोणताही मागवाला त्या पैशात दारातही बोलावू शकणार नाही. एवढ्या मजुरीतून घरी काय पाठवायचे, कारागृहाच्या उपहारगृहातून साबण आणि चहा काय घ्यायचा, आणि भरपाईसाठी काय उरायचे?

आणखी एक गोष्ट खरेदी करणाऱ्याने ध्यानात घ्यावी. मागावर बसायला मिळणारा कैदी हा तुरुंगातल्या माणसांपैकी थोड्या नशीबवानांतला असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशभरातल्या कारागृहांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांपैकी ४,३४,३०२ जणांचे खटले अजून चालायचे होते. म्हणजे चारांतले तीन जण कच्चे कैदी. जागेच्या तुलनेत गर्दी १३१ टक्क्यांवर गेलेली होती. कच्च्या कैद्यावर कामाची सक्ती करता येत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण तो कायद्याच्या नजरेत निर्दोष असतो. परंतु काम मागूनही मिळत नाही अशी अवस्था असेल, तर महिनोन्‌महिने भिंतीला टेकून बसण्याखेरीज त्याच्यापुढे काही उरत नाही. मोठे कारखाने मध्यवर्ती कारागृहांत आहेत. जिल्हा कारागृहांत भरणा कच्च्या कैद्यांचा. ज्याचा गुन्हा सिद्ध झाला त्याला हातात कसब घेऊन बाहेर पडता येते, आणि ज्याचा झालेला नाही तो रिकाम्या हातांनी बाहेर येतो, हा उलटा न्याय या सतरंजीच्या पट्ट्यांत कुठे दिसत नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने संभाव्य कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला असेल तर त्याला बंधपत्रावर, म्हणजे स्वतःच्या लेखी हमीवर, सोडायचे आहे, आणि तसा अर्ज न्यायालयाकडे पाठवण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकांवर आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक खटले असलेल्यांना ही सवलत नाही. ही तरतूद जिवापाड जपण्यासारखी आहे, आणि ज्यांच्या घरातले कोणी आत आहे त्यांना ती माहीत असायलाच हवी. कोठडीतल्या व्यक्तीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा कायद्याने दिलेला आहे. १५१०० या क्रमांकावर फोन करून त्याची सुरुवात करता येते.

मकरसंक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेसाठी गावाकडची मंडळी आली, तेव्हा हीच सतरंजी ओसरीत अंथरली. ती कुठून आली हे कळल्यावर माझे चुलते बराच वेळ काही बोलले नाहीत. सोलापूरच्या जुन्या माणसाला तुरुंग म्हटला की आधी १२ जानेवारी १९३१ आठवतो. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघा स्वातंत्र्यसैनिकांना त्या दिवशी येरवड्यात फाशी दिली गेली. मग चुलत्यांनी सेटलमेंटचा विषय काढला, आणि त्यानंतर मला या सतरंजीकडे पूर्वीच्या नजरेने पाहता आले नाही.

आजही आपण ज्या वस्तीला सहज सेटलमेंट म्हणतो, तिला एके काळी तारेचे कुंपण होते. गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा. त्याखाली पारधी, कैकाडी, टकारी, मांग गारुडी अशा जमातींत जन्मलेल्या माणसाला, त्याने काहीही केलेले नसताना, गुन्हेगार ठरवून या कुंपणात ठेवले जाई. हजेरी लागे, बाहेर जायला परवानगी लागे, आणि आतली माणसे शहरातल्या गिरण्यांत कामाला जात. सोलापूरच्या कापडाचा इतिहास सांगताना आपण गिरण्यांचे भोंगे सांगतो, मालकांची नावे सांगतो. त्या कापडातला काही ताणा, म्हणजे उभे सूत, कुंपणाआडच्या हातांनी भरला होता, हे क्वचितच कोणी बोलते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा संपला आणि या जमाती विमुक्त झाल्या. संशय मात्र संपला नाही. सुकन्या शांता या पत्रकाराच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल वाचला की हे लख्ख कळते. अनेक राज्यांच्या कारागृह नियमावल्यांत झाडलोट आणि सफाईचे काम खालच्या मानलेल्या जातींना, स्वयंपाकाचे काम वरच्यांना, आणि विमुक्त जमातींवर ‘सवयीचे गुन्हेगार’ असा शिक्का, हे लेखी स्वरूपात होते. न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला आणि नियमावल्या बदलण्यासाठी तीन महिन्यांची मुदत दिली. म्हणून कारागृहातली वस्तू घेताना मागावर कोणाला बसवले आणि झाडू कोणाच्या हाती दिला, हाही मालाच्या गुणवत्तेचाच प्रश्न आहे असे मी मानते.

आता एक अनुभव, जो लिहिल्याशिवाय हे परीक्षण प्रामाणिक होणार नाही. मी नोकरीत असताना आमच्याकडे एक मध्यमवयीन गृहस्थ काम मागायला आले. ताण्याचे तुटलेले धागे सांधायला त्यांना दिले, तर त्यांची बोटे इतकी सफाईने चालली की शेजारचे दोघे कारागीर माग थांबवून पाहत राहिले. कुठे शिकलात, असे मालकांनी विचारल्यावर त्यांनी लपवले नाही. पिशवीतून कारागृहाचे कामाचे प्रमाणपत्र काढून पुढे ठेवले. मालकांनी ते हातातही न घेता, ‘कळवतो’ म्हणून सांगितले. कळवले नाही. मी तिथेच उभी होते, माझ्या शब्दाला तिथे थोडी किंमत होती, आणि मी तो शब्द टाकला नाही. त्या माणसाने शिक्षा भोगली होती, कसब कमावले होते, आणि आम्ही त्याला त्या कागदामुळेच नाकारले, जो कागद त्याच्या कसबाचा एकमेव पुरावा होता. पुढे त्यांचे काय झाले ते मला कळले नाही.

हे बदलता येते, आणि त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. आपल्या सांगोल्याला लागून असलेल्या आटपाडी तालुक्यात स्वतंत्रपूर ही खुली वसाहत औंध संस्थानाने १९३९ मध्ये सुरू केली. तिथे कैदी भिंतीविना राहतात, शेती करतात, कुटुंबाला सोबत ठेवू शकतात. ज्या काळात आपल्या शहरात माणसांना जन्मावरून कुंपणात ठेवले जात होते, त्याच काळात शेजारी शिक्षा झालेल्या माणसांवर विश्वास टाकून पाहिला जात होता. सोलापूरला तर माग आहेत, कारागीर मिळत नाहीत ही मालकांची रोजची तक्रार आहे, आणि कारागृहांतून दर महिन्याला माग चालवता येणारी माणसे सुटत आहेत. कारखानदारांच्या संघटनेने आणि कारागृह प्रशासनाने मिळून सुटकेच्या आधीच जागा ठरवल्या, तर त्या प्रमाणपत्राला अर्थ येईल.

सतरंजी घ्यावी का, तर जरूर घ्यावी. पाचांपैकी चार गुण मी तिला देते, आणि कापलेला एक गुण रंगासाठी आहे, विणणाऱ्यासाठी नाही. घरी आणल्यावर पहिली दोन धुणी वेगळी करावीत आणि सावलीत वाळवावी. टॉवेल घेऊ नयेत. पावती मागून घ्यावी, आणि यातले किती रुपये विणणाऱ्याला मिळतात हे विक्री खिडकीवर प्रत्येकाने विचारावे, उत्तर मिळाले नाही तरी विचारावे. मुलीच्या नव्या घरासाठी मी आणखी दोन सतरंज्यांची मागणी नोंदवून आले आहे. या वेळी मागणीच्या कागदावर, रंग पक्का हवा आणि चिठ्ठीवर मजुरीचा आकडा हवा, अशा दोन्ही ओळी लिहून त्याची पोच घेतली आहे.