डिझेल पिकअपचा सायलेन्सर: ४०९ की ३०४?

ऐरोली-वाशीकडची खाडीची खारी हवा आणि रस्त्यावर साचणारं पावसाचं पाणी, यात साधा लोखंडी पाइप आधी जोडावर सडतो. त्याऐवजी स्टेनलेस स्टीलचे दोन प्रकार आहेत, ४०९ आणि ३०४. ४०९ स्वस्त पडतं. क्रोमियम जेमतेम ११ टक्के, म्हणून वरून तांबूस होतं, पण चटकन भोक पडत नाही. ३०४ मध्ये क्रोमियम १८ आणि निकेल ८ टक्के. गाडी खाडीकाठी उभी राहत असेल तर हेच घ्या. मात्र ते तापल्यावर जास्त प्रसरण पावतं. पाइप लटकवून धरणारे रबरी हँगर कडक झालेले असले की वेल्डिंगला तडा जातो. तेव्हा हँगर आधी बदला. लोखंडी फ्लँजला (बोल्टने जोडायची चकती) जोडताना ३०९एल फिलरच (वेल्डिंगची तार) हवा. दुकानातच चुंबक लावून बघा: ४०९ला घट्ट चिकटतो, ३०४ला जवळपास नाहीच. बीएस-६ (प्रदूषणाचा निकष) गाडीत बदल फक्त डीपीएफच्या, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या, मागे. डीपीएफला हात लावू देऊ नका.