हृदयातल्या मॅक्रोफेजसाठी चार एन्झाइमचं मिश्रण: घ्यावं का?

उंदराच्या हृदयातून मॅक्रोफेज (मृत पेशी, कचरा गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) काढायला हे जुनंच मिश्रण: प्रति मिली कोलॅजिनेज (कोलॅजन तोडणारं) टाइप 1 450 युनिट, टाइप 11 125 युनिट, हायलुरोनिडेज (पेशींमधला चिकट भाग तोडणारं) 60 युनिट, डीएनेज (डीएनए तोडणारं) 60 युनिट. ऊतक अगदी बारीक कापून 37 अंशांना तासभर हलवत ठेवायचं. काम चोख होतं, पण बाटलीवरचा लॉट (उत्पादनाची खेप) नंबर बघा. लॉट बदलला की ताकदही बदलते, म्हणून नवा लॉट आला की वेळ पुन्हा ठरवावी लागते. आणि इथे ईडीटीए (कॅल्शियमसारखे धातू-आयन बांधून ठेवणारं रसायन) घालू नका. कोलॅजिनेजला कॅल्शियम लागतं, ईडीटीए तेच पळवतं. मग तुकडे तसेच राहतात आणि दोष एन्झाइमवर जातो! ईडीटीए शेवटच्या धुण्यात चालतं. ट्रिप्सिन हे एन्झाइमही नकोच, पेशींच्या पृष्ठभागावरची, त्यांची ओळख पटवणारी प्रथिनं कापली जातात.

खरी अडचण मिश्रणाची नसते, रक्ताची असते. डाव्या जवनिकेतून थंड पीबीएस (फॉस्फेटयुक्त क्षारद्रावण) सोडून रक्त नीट धुतलं नाही तर रक्तातले मोनोसाइट (मॅक्रोफेज बनू शकणाऱ्या पांढऱ्या पेशी) हृदयातले म्हणून मोजले जातात. मग सीसीआर2 (पेशीच्या पृष्ठभागावरचं एक ग्राही प्रथिन) असलेल्या, अस्थिमज्जेतून आलेल्या पेशींचा आकडा फुगतो. सीसीआर2 नसलेल्या, पीतक पिशवी (भ्रूणाला जोडलेली पिशवी) आणि गर्भाच्या यकृतातून आलेल्या, स्वतःच विभागून टिकणाऱ्या पेशी मात्र कमी दिसतात. मृत पेशी साफ करणं आणि इन्फार्क्टनंतरची (रक्तपुरवठा तुटून ऊतक मेल्यानंतरची) दुरुस्ती यांत त्यांचा मोठा वाटा, त्यामुळे ही चूक महागात पडते.

हृद्स्नायू पेशी 40 मायक्रॉनच्या गाळणीत बहुतेक अडकतात. त्यांचा चुरा मात्र प्रकाशात स्वतःच चकाकतो आणि मोजणीत गोंधळ करतो, म्हणून मृतपेशी-रंग (मेलेल्या पेशी वेगळ्या दाखवणारा रंग) अनिवार्य.

तयार किट सोपं, पण महाग. रोजच्या कामाला सुटे एन्झाइमच बरे.