14 गेजची तार आणि दोन सुतांचा घोळ

दुकान पुण्यात रविवार पेठेत, बोहरी आळीत. तार, जाळी, खिळे, साखळ्या. बाहेर गाडी लावायला जागा नाही, रिक्षाने जा. पाचपैकी चार तारे देतेय; एक कापलाय तो त्यांच्या कापण्यावरूनच.

सोसायटीचा आकाशकंदील दरवर्षी माझ्या गळ्यात असतो. आजवर कामट्यांचा केला. यंदा तारेचा गोल करायचा होता, नुसत्या त्रिकोणांचा, जिओडेसिक म्हणतात तो. व्यास 50 सेंटिमीटर. हिशेब घरूनच करून गेले होते: तारा 120, पण लांब्या दोनच. त्रिज्येला 0.5465 ने गुणलं की आखूड, 0.618 ने गुणलं की लांब. म्हणजे 13.7 आणि 15.5 सेंटिमीटर, प्रत्येकी 60. टोकांना कड्या वळवायच्या, त्यासाठी प्रत्येक तुकड्याला 4 सेंटिमीटर जादा.

मी मागितली 10 गेज (गेज म्हणजे जाडीचा आकडा; आकडा जितका लहान, तितकी तार जाड). उघड्यावर टांगायचं, दणकट हवं, असं आपलं माझं डोकं. गल्ल्यावरच्या काकांनी काही न बोलता 10 गेजचा वीतभर तुकडा आणि गोल नाकाची पक्कड समोर ठेवली.

"ताई, याची एक कडी करून दाखवा. मग देतो."

दोन्ही हातांनी जोर लावला. तार जेमतेम काटकोनात आली, तळहात लाल.

"अशा किती करायच्यात?"

"दोनशे चाळीस."

त्यांनी तुकडा उचलून खोक्यात टाकला आणि 14 गेजचं भेंडोळं खाली काढलं. 2 मिलिमीटरची, जस्त चढवलेली लोखंडी तार, किलोत साधारण 40 मीटर बसते. मला लागणार होती सव्वाबावीस मीटरच्या आसपास, म्हणजे अर्ध्या किलोच्या जरा वर. एक किलो घेतली, आणि गाठी बांधायला सळईवाले वापरतात ती काळी बाइंडिंग तार. जास्त विकायची सोडून कमी जाडीची गळ्यात मारणारा दुकानदार मला तरी विरळाच भेटलाय.

"फुटबॉल करताय का?" त्यांनी विचारलं. मी मोबाइलवर मॉन्ट्रियलचा घुमट दाखवला: 1967 च्या प्रदर्शनातला, बकमिन्स्टर फुलर या अमेरिकी रचनाकाराचा, 76 मीटर व्यासाचा. चष्मा कपाळावर सरकवून नीट बघितला. "एवढा माल आपल्याकडं नाही निघायचा," म्हणाले.

इथली खरी बघण्यासारखी गोष्ट म्हणजे तार सरळ करणं. भेंडोळ्यातली तार हाताने कितीही ओढा, पोट काढूनच राहते. इथला पोरगा एक टोक दाराच्या गजाला अडकवतो, दुसरं ड्रिलच्या चकात धरतो, ताणतो आणि ड्रिल फिरवतो. पाच-सात सेकंदांत वळण जातं. जमिनीवर ठेवली तर पट्टीसारखी टेकते. मी उगाचच दोनदा करायला लावलं.

मग कापणं. 17.7 चे 60 आणि 19.5 चे 60, असं कागदावर लिहून दिलं. पोरगा मोजत होता इंचाच्या टेपने. तिथेच मला कळायला हवं होतं. वर सगळे 120 तुकडे एकाच पिशवीत. दोन लांब्यांत फरक पावणेदोन सेंटिमीटरचा; घरी येऊन वेगळे करायचे आणि लांब तुकड्यांना नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचा, यात एक संध्याकाळ गेली.

जोडताना सुरुवात पाचाच्या गाठीपासून केली: मध्यात पाच आखूड तारा, भोवती पाच लांब तारांचं कडं. अशा पाच तारांच्या गाठी 12, जुन्या फुटबॉलवरच्या काळ्या पंचकोनांइतक्याच. बाकीच्या 30 गाठी सहा-सहा तारांच्या, त्यांत दोन आखूड आणि चार लांब. हे पाठ झालं की कागद बघावा लागत नाही. गोल पुरता मिटेपर्यंत मात्र त्याला कणाच नसतो. उचलला की टोपलीतून ओली मेथी लोंबावी तसा लोंबतो. हे ठाऊक होतं म्हणून घाबरले नाही. पण शेवटची टोपी काही केल्या बसेना, आणि एका बाजूच्या दोन गाठी आत खचलेल्या.

सगळं सोडवलं. फळीवर 15.5 सेंटिमीटरच्या अंतरावर दोन खिळे ठोकले आणि एकेक लांब तार अडकवून पाहिली. 11 तारा आखूड निघाल्या, प्रत्येकी सुमारे 6 मिलिमीटरने. ही फळी आधीच करायला हवी होती, तेवढी चूक माझी.

दुसऱ्या दिवशी 11 तारा घेऊन दुकानात. काका म्हणाले, "ताई, दोन सुतांनी काय होतंय?" (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.) ग्रिलला काहीच होत नसेल. इथे एकेका गाठीत सहा तारा एकमेकींना तोलून असतात, एक आखूड पडली की गाठ आत जाते. हे मी पाच मिनिटं समजावलं. पटलं असं वाटलं नाही, पण नवे 11 तुकडे कापून दिले, या वेळी माझ्या स्टीलच्या पट्टीने. पैसे घेतले नाहीत. सॉरीही म्हणाले नाहीत.

नवे तुकडे बसले आणि शेवटची गाठ पिळल्याबरोबर गोल ताठ झाला. वर दोन किलो साखरेचा डबा ठेवला, तसूभर हलला नाही. मग पिवळा पतंगी कागद, आत छोटा एलईडी.

तार, सल्ला आणि ते ड्रिल यांसाठी डोळे झाकून जा. कापून घेणार असाल तर पट्टी घरून न्या, मिलिमीटरमध्ये बोला, समोर उभं राहून मोजून घ्या आणि दोन पिशव्या मागा. दुपारी दोनच्या सुमारास गर्दी कमी असते.

त्या आखूड 11 तारांचे आकडे केलेत. कंदील त्यातल्याच एकावर टांगलाय.