घोड्याचा पाय सुजला: गार पाणी की गरम शेक?

माथेरानच्या दगडधोंड्यांच्या वाटेवर घोडा लंगडला की घोडेवाल्यांत दोन तट पडतात. ताज्या मुक्या मारात माझं मत सरळ गार पाण्याला. पुढच्या पायाला गुडघ्याखाली मांस जवळपास नसतंच, कातडीखाली लगेच कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर); त्यामुळे गारवा पटकन आत पोचतो. पाइपची धार १५-२० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, पहिले ४८ तास. पहिल्याच दिवशी शेकलं तर रक्तपुरवठा वाढून सूज उलट चढते, आणि जुन्याजाणत्यांचा हट्ट असतो तो नेमका शेकण्याचाच!

शेकाची पाळी नंतर, सूज स्थिरावल्यावर. अपवाद खुरात पू झाल्याचा. पाय सुजलेला असेलच असं नाही, पण खूर हाताला तापलेलं लागतं आणि घोट्यामागची नाडी बोटाखाली ठणठण उडते. तिथे डॉक्टरांनी पू मोकळा केल्यावर एप्सम सॉल्ट घातलेल्या कोमट पाण्यात खूर बुडवणंच बरं.

घोडा पाय टेकवतच नसेल किंवा सांध्याजवळ जखम असेल, तर दोन्ही राहू द्या. त्याला हलवू नका, डॉक्टरांना जागेवर बोलवा. ते येईपर्यंत स्वतःहून वेदनाशामक देऊ नका. दुखणं दबलं की घोडा त्याच पायावर भार टाकतो.